पेपरातलं इंग्रजी: जॅकेट, बायलाइन, ऑप-एड आणि ते 'सोर्सेस सेड'

जानेवारी २०२५ मधे केरळच्या लोकांनी एका सकाळी पेपर हातात घेतला तर पहिल्याच पानावर ठळक हेडलाइन, १ फेब्रुवारीपासून नोटा बंद, आता फक्त डिजिटल करन्सी. २०१६ ची नोटबंदी सगळ्यांनी भोगलेली, त्यामुळे लोक हादरलेच, पानाचे फोटो फिरायला लागले आणि एका न्यूज चॅनेलवर तर ती खरी बातमी समजून चर्चाही झाली. प्रत्यक्षात ती एका खाजगी विद्यापीठाची जाहिरात होती, २०५० सालचा पेपर कसा दिसेल अशी कल्पना लढवून केलेली. खरं पहिलं पान त्याच्या आत होतं.

अशा जाहिरातीच्या वेष्टनाला पेपरच्या धंद्यात जॅकेट म्हणतात. हा एक शब्द माहीत असता तर त्या दिवशी बऱ्याच लोकांनी आधी पान उलटून बघितलं असतं. आपल्याकडेही वेगळं काही नाही, ग्रुपवर कोणीतरी इंग्रजी पेपरचं कात्रण टाकतं, खाली "बघा, पेपरात आलंय" आणि नीट बघितलं तर ती बातमी नसतेच, कोणाचा तरी लेख असतो नाहीतर पैसे देऊन छापलेला मजकूर असतो. इंग्रजी पेपर नीट वाचायचा तर डिक्शनरीतले अवघड शब्द पाठ करण्यापेक्षा ही धंद्यातली पाचपन्नास नावं माहीत असलेली जास्त कामाची, कारण समोरचा मजकूर कोण बोलतंय, कोणाच्या पैशाने आणि किती खात्रीने, हे सगळं त्या नावांमधेच असतं.

पहिलं पान कसं वाचायचं

सगळ्यात वर पेपरचं नाव असतं ते मास्टहेड. (अमेरिकेत त्याला नेमप्लेट किंवा फ्लॅग म्हणतात आणि मास्टहेड म्हणजे आतल्या पानावरची संपादक मंडळींची यादी, तेव्हा अमेरिकन लेखात "हर नेम इज ऑन द मास्टहेड" असं वाचलंत तर बाई पेपरची मालकीण झाली असं समजू नका.) नावाच्या दोन्ही बाजूंना ज्या छोट्या चौकटी असतात त्या इअर पॅनेल, तिथे बहुतेक वेळा जाहिरातच असते आणि ती महाग असते.

त्या दिवशीची सगळ्यात मोठी बातमी म्हणजे लीड, पानाच्या माथ्यावर आडवी जाते ती फ्लायर, आणि अगदी तळाला जरा निवांत वाचायची, थोडी गोष्टीसारखी बातमी असते ती अँकर. टीव्हीवरच्या अँकरचा आणि हिचा काही संबंध नाही. पानाच्या मधोमध जी घडी पडते तिच्या वरचं सगळं 'अबव्ह द फोल्ड', म्हणजे स्टॉलवर घडी घातलेला पेपर ठेवला तरी दिसणारं. वेबसाइटवाल्यांनीही हा शब्द उचलला, तिथे त्याचा अर्थ स्क्रोल न करता दिसणारा भाग.

जॅकेटचे प्रकार असतात, पूर्ण चार पानी असलं तर फुल जॅकेट, अर्धवट उभी पट्टी असली तर हाफ जॅकेट किंवा फ्लॅप. ओळखायची खूण अशी की खऱ्या पहिल्या पानावरही मास्टहेड असतंच, मग एकाच पेपरात दोन पहिली पानं दिसली की वरचं विकलेलं आहे हे समजायचं.

बातमी कोणाची, मत कोणाचं

बातमीच्या वर पत्रकाराचं नाव असतं ती बायलाइन आणि मजकुराच्या सुरुवातीला गावाचं नाव असतं ती डेटलाइन. नावात डेट आहे पण महत्त्व गावाला, बातमी कुठून पाठवली ते त्यातून कळतं. बायलाइनच्या जागी कधी पीटीआय असतं, म्हणजे बातमी वृत्तसंस्थेची, ती त्या दिवशी बऱ्याच पेपरांत त्याच शब्दांत सापडेल. टीएनएन म्हणजे टाइम्स न्यूज नेटवर्क आणि ईएनएस म्हणजे एक्स्प्रेस न्यूज सर्व्हिस, हे त्या त्या पेपरचे आपलेच लोक. नुसतं 'एजन्सीज' असेल तर दोन-तीन ठिकाणचं एकत्र करून डेस्कवर बसलेल्या सब-एडिटरने बातमी तयार केलेली असते. तालुक्याच्या गावाहून पगारावर नसलेला, बातमीमागे पैसे मिळणारा माणूस पाठवतो तो स्ट्रिंगर, आणि पूर वगैरे आला की सगळ्यात आधी तोच पाण्यात उभा असतो पण बायलाइन बऱ्याचदा दुसऱ्याची लागते.

आता मतांचं. एडिटोरियल म्हणजे आपला अग्रलेख, त्यावर सहसा नाव नसतं कारण ते पेपरचं अधिकृत मत. त्याच्या समोरच्या पानावर बाहेरच्या लोकांचे लेख येतात ते ऑप-एड. ऑप म्हणजे ओपिनियन असं बरेच जण धरून चालतात पण तो 'ऑपोझिट', म्हणजे अग्रलेखाच्या पानासमोरचं पान. न्यू यॉर्क टाइम्सने १९७० मधे असं पान सुरू केलं आणि मग तो शब्द जगभर गेला. ऑप-एडच्या लेखकाचं म्हणणं पेपरला पटलेलं असतंच असं नाही, उलट चांगले पेपर मुद्दाम विरुद्ध बाजूचा माणूस बोलावतात.

मंगल कार्यालयाचं उदाहरण घ्या. मालकाच्या स्वतःच्या घरचं कार्य असतं ते एडिटोरियल, पाहुण्याला बोलावून दोन शब्द बोलायला लावले ते ऑप-एड, आणि कोणी भाडं भरून हॉल घेतला तर ती जाहिरात. तिन्ही वेळा बाहेर पाटी त्याच कार्यालयाची. म्हणून "अमुक पेपरने म्हटलंय" असं बोलायच्या आधी यातलं नक्की कुठलं ते बघावं लागतं.

सगळेच पेपर बायलाइन देतात असंही नाही. द इकॉनॉमिस्ट या ब्रिटिश साप्ताहिकात लेखांवर नावच नसतं, सगळं एका आवाजात, आणि मॅगझिनसारखं दिसत असूनही ते स्वतःला न्यूजपेपरच म्हणवतात.

जाहिरात जी जाहिरातीसारखी दिसत नाही

ॲडव्हर्टोरियल म्हणजे बातमीचे कपडे घातलेली जाहिरात. कोपऱ्यात बारीक अक्षरात कुठेतरी ते लिहिलेलं असतं, पण सरळ 'ॲडव्हर्टाइजमेंट' लिहितीलच असं नाही. 'कन्झ्युमर कनेक्ट इनिशिएटिव्ह', 'इम्पॅक्ट फीचर', 'स्पॉन्सर्ड', 'पार्टनर्ड कंटेंट', 'ब्रँड स्टोरी' ही सगळी त्याच घरातली भावंडं. मुंबईतली बॉम्बे टाइम्स ही रंगीत पुरवणी कितीतरी लोक सिनेमाच्या बातम्यांसाठी वाचतात, तिच्या नावाखालची बारीक ओळ वाचून बघा, ॲडव्हर्टोरियल, एंटरटेनमेंट प्रमोशनल फीचर असं ती पुरवणी स्वतःच सांगते. त्यांनी लपवलेलं नाही, आपणच वाचत नाही.

पेड न्यूज हा मात्र वेगळा आणि वाईट प्रकार, यात पैसे घेतात पण कुठेच लिहीत नाहीत. याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातलं आहे. २००९ च्या विधानसभा निवडणुकीनंतर पत्रकार पी. साईनाथ यांनी द हिंदूमधे दाखवून दिलं की एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या तीन मराठी पेपरांत एका बड्या नेत्याची स्तुती करणारा मजकूर जवळजवळ शब्दाला शब्द तोच छापून आला होता आणि त्यावर बायलाइन मात्र वेगवेगळ्या. म्हणजे बायलाइन आहे म्हणून डोळे झाकून विश्वास ठेवायचा असंही नाही. पुढे प्रेस कौन्सिलने, म्हणजे पेपरांवर लक्ष ठेवायला कायद्याने नेमलेल्या संस्थेने, दोन सदस्यांची समिती नेमली, तिने २०१० मधे नावानिशी सविस्तर अहवाल दिला, कौन्सिलने त्याचा आखूड अवतार छापला आणि मूळ अहवाल लोकांसमोर यायला केंद्रीय माहिती आयोगाचा आदेश लागला, तेव्हा २०११ साल होतं. पेपरांवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेचा पेपरवाल्यांवरचा अहवाल माहिती अधिकारात बाहेर काढावा लागला, यावर मी आणखी काय बोलू.

हेडलाइनचं इंग्रजी शाळेतलं नसतं

इथे भले भले गडबडतात, इंग्रजी मीडियमची पोरंसुद्धा. जागा कमी असते म्हणून हेडलाइनला स्वतःचं व्याकरण आहे. झालेली गोष्ट वर्तमानकाळात लिहितात, 'मिनिस्टर रिझाइन्स' म्हणजे राजीनामा देऊन झाला. व्हायची असलेली गोष्ट 'टू' लावून, 'स्टेट टू बाय बसेस' म्हणजे अजून एकही बस घेतलेली नाही. स्वल्पविराम आला की तो 'आणि' असतो. इज, वॉज, द, अ हे सगळे गाळलेले, त्यामुळे 'क्लार्क हेल्ड' वाचून क्लार्कने काहीतरी धरलं असं वाटतं पण पकडलं गेलं ते क्लार्कलाच.

आणि सगळ्यात महत्त्वाचं ते एकेरी अवतरण चिन्ह. समजा हेडलाइन आहे, ब्रिज 'अनसेफ', आणि ते अनसेफ अवतरणात आहे, तर पूल धोकादायक आहे असं पेपर म्हणत नाहीये, दुसरं कोणीतरी म्हणतंय आणि पेपर फक्त ते सांगतोय. ती दोन चिन्हं पुसून तोच मथळा पुढे पाठवला की अर्थच बदलला. शेवटी प्रश्नचिन्ह असेल तर पेपरलाच खात्री नाही असं धरून चालायचं.

मग ते छोटे छोटे शब्द. नॉड म्हणजे मंजुरी, पण कोणाची ते बघा, कॅबिनेटचा नॉड मिळाला म्हणजे कायदा झाला नाही, अजून सभागृहं बाकी आहेत. मल्स म्हणजे नुसता विचार चालू आहे. आइज म्हणजे डोळा आहे, मिळालेलं नाही. स्लॅम्स आणि फ्लेज म्हणजे टीका केली, बऱ्याचदा साधीच टीका. ॲक्स म्हणजे काढून टाकणं, प्रोब म्हणजे चौकशी. सरकार एखाद्या गोष्टीचा 'मल्स' करतंय ही बातमी आपल्या ग्रुपवर संध्याकाळपर्यंत "सरकारने निर्णय घेतला" होऊन येते, आणि दोन महिन्यांनी खरंच निर्णय झाला की लोक म्हणतात, हे तर जुनंच आहे.

बुक्ड, हेल्ड, चार्जशीटेड: ही शिडी पाठच करा

कोणाच्या तरी इज्जतीचा प्रश्न असतो म्हणून इथे जरा थांबतो.

बुक्ड म्हणजे पोलिसांनी गुन्हा नोंदवला, एफआयआर झाला. एवढंच. माणूस घरी जेवत बसलेला असू शकतो. डिटेन्ड म्हणजे ताब्यात घेतलं, अटक झालीच असं नाही. हेल्ड, नॅब्ड, अरेस्टेड म्हणजे अटक. चार्जशीटेड म्हणजे तपास करून पोलिसांनी कोर्टात आरोपपत्र दिलं. चार्जेस फ्रेम्ड म्हणजे कोर्टाने ते वाचून खटला चालवण्याइतकं यात काहीतरी आहे असं मानलं. कन्व्हिक्टेड म्हणजे दोषी ठरला, आणि तिथवर तो ॲक्यूज्ड म्हणजे फक्त आरोपीच असतो, गुन्हेगार नाही. उलट बाजूला, डिस्चार्ज म्हणजे खटला सुरू व्हायच्या आधीच दोषमुक्त आणि ॲक्विटेड म्हणजे खटला चालून निर्दोष. बेल मिळाला म्हणजे सुटला असं नाही आणि बेल नाकारला म्हणजे दोषी आहे असंही नाही, तो फक्त खटला होईपर्यंत कुठे राहायचं याचा निर्णय.

कोर्टाच्या बातम्यांतला 'स्टेज' (stays) हा शब्दही असाच, म्हणजे स्थगिती दिली. रद्द केलं तर 'क्वॅशेस' किंवा 'स्ट्राइक्स डाउन' लिहितात. आणि 'ऑब्झर्व्हज' असेल तर न्यायमूर्ती सुनावणीत बोलता बोलता काहीतरी बोलले, तो निकाल असेलच असं नाही. रिझर्व्हज म्हणजे निकाल राखून ठेवला.

अलेज्डली, म्हणजे 'असा आरोप आहे', या शब्दाबद्दल एक गैरसमज आहे की तो लावला की काहीही लिहायला मोकळे. तसं नाही. दुसऱ्याने केलेली बदनामी तुम्ही पुन्हा छापली तर तीही बदनामीच ठरू शकते, भारतात तो अजून फौजदारी गुन्हा आहे, पूर्वी आयपीसी ४९९-५००, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६. हे आपल्या फॉरवर्डला लागू नाही अशा भ्रमात राहू नका.

"सोर्सेस सेड म्हणजे घरी बसून लिहिलेलं ना?"

हा आक्षेप मला पूर्ण चूक वाटत नाही, कारण तसं लिहिणारेही आहेत. पण नाव न सांगता माहिती देणारा माणूस नसेल तर मोठी प्रकरणं बाहेरच येणार नाहीत, नोकरी गेली तर त्याला पोसणार कोण. तेव्हा बघायचं ते हे, की सोर्सबद्दल पेपर किती सांगतोय. नुसतं 'सोर्सेस' म्हणजे सगळ्यात कच्चं, 'अ सीनियर ऑफिशियल इन द फायनान्स डिपार्टमेंट' त्याहून बरं, 'डॉक्युमेंट्स रिव्ह्यूड बाय' म्हणजे कागद स्वतः पाहिलेत, हे सगळ्यात पक्कं. 'इट इज लर्न्ट', म्हणजे 'असं कळतं', हा खास आपल्याकडचा प्रकार, कोणाकडून लर्न्ट ते देवाला ठाऊक.

समोरच्या बाजूबद्दलचे शब्दही मोजून मापून असतात. 'डिक्लाइन्ड टू कमेंट' म्हणजे विचारलं आणि त्याने बोलायला नकार दिला. 'डिड नॉट रिस्पॉन्ड' म्हणजे मेल-मेसेज केला, उत्तर आलं नाही. 'कुड नॉट बी रीच्ड' म्हणजे गाठच पडली नाही, आणि मग किती प्रयत्न केला हा प्रश्न वाचकाने विचारायला हरकत नाही. आणि जर या तिन्हीपैकी एकही वाक्य बातमीत नसेल, तर समोरच्याला विचारलंच नसावं अशी शंका घ्यायला जागा आहे.

"मी तर मराठीच पेपर वाचतो, मला काय करायचंय?"

मराठी पेपरच्या ऑफिसातही लीड, अँकर, इंट्रो, डमी, डेस्क, डेडलाइन हेच शब्द चालतात. आणि मराठी पत्रकारितेची सुरुवातच इंग्रजीला खेटून झाली, बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ ला दर्पण काढलं ते एका रकान्यात मराठी आणि शेजारी इंग्रजी असं. टिळक-आगरकरांनीही १८८१ मधे केसरीच्या जोडीला इंग्रजी मराठा काढलाच की. बातमी, मत आणि जाहिरात यातला फरक भाषेवर अवलंबून नाही, फक्त इंग्रजीत त्यांना नावं जरा ठरून गेली आहेत म्हणून सांगायला सोपं जातं.

दोघंही नंबर वन कसे?

दोन पेपर एकाच दिवशी 'आम्हीच नंबर वन' छापतात आणि दोघंही खोटं बोलत नसतात. सर्क्युलेशन म्हणजे किती प्रती खपल्या, ते ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्स म्हणजे एबीसी ही १९४८ पासूनची संस्था सहा-सहा महिन्यांनी तपासते. रीडरशिप म्हणजे किती लोकांनी वाचला, सलूनमधे आलेली एक प्रत दिवसभरात कितीतरी जण वाचतात, त्यासाठी इंडियन रीडरशिप सर्व्हे घरोघरी जाऊन विचारायचा. त्यातही टोटल रीडरशिप म्हणजे गेल्या महिनाभरात कधीतरी वाचलेला आणि ॲव्हरेज इश्यू रीडरशिप म्हणजे रोजच्या पेपरच्या बाबतीत काल वाचलेला, दुसरा आकडा अर्थातच बराच लहान. त्या सर्व्हेचे २०१९ नंतर बरीच वर्षं नवे आकडेच आले नाहीत. तेव्हा नंबर वनच्या जाहिरातीत तळाला फुलीची खूण आणि मुंगीएवढी अक्षरं असतात तिथे कुठलं शहर, कुठला वयोगट, कुठलं वर्ष ते वाचायचं, बहुतेक वेळा हसू येतं.

मॅगझिनचं थोडक्यात

वॉल्यूम ४, इश्यू ७ म्हणजे आपलं 'वर्ष ४, अंक ७'. कव्हर स्टोरी म्हणजे मुखपृष्ठावरचा विषय, समोरासमोरची दोन पानं म्हणजे स्प्रेड. कव्हर डेट बहुतेक पुढची असते, स्टॉलवर अंक शिळा दिसू नये म्हणून, त्यामुळे उद्याच्या तारखेचं साप्ताहिक आज हातात आलं तर दचकू नका. बायमंथली मात्र चक्क धोकादायक शब्द, दोन महिन्यांतून एकदा आणि महिन्यातून दोनदा असे दोन्ही अर्थ चालतात, वर्गणी भरायच्या आधी विचारून घ्या. पंधरवड्याला फोर्टनाइटली म्हटलं की भांडण नाही.

"सगळं मोबाइलवरच वाचतो, तिथे कुठली पानं"

ई-पेपर म्हणजे छापलेल्या पानांची जशीच्या तशी नक्कल आणि वेबसाइट म्हणजे दिवसभर बदलत राहणारी गोष्ट, हे दोन वेगळे. कात्रण खरं आहे का बघायचं तर त्या तारखेच्या ई-पेपरमधे जाऊन शोधायचं, तिथे नसेल तर ते कात्रण कोणीतरी घरी बनवलेलं असण्याची दाट शक्यता, त्यासाठी फुकटची ॲप्स पडली आहेत. साइटवर 'पब्लिश्ड' आणि 'अपडेटेड' या दोन वेळा वेगळ्या बघाव्या, सकाळची बातमी दुपारी बदललेली असते. चांगले पेपर खाली 'करेक्शन' म्हणून चूक कबूल करतात. 'क्लॅरिफिकेशन' म्हणजे चूक नव्हती पण गैरसमज झाला असं म्हणणं, आणि 'रिट्रॅक्शन' म्हणजे अख्खी बातमीच मागे.

चूक झाली तर धरायचं कोणाला?

छापील पेपरात कुठेतरी, बहुतेक वेळा शेवटच्या पानाच्या तळाशी, एक बारीक अक्षरातली ओळ असते ती इम्प्रिंट लाइन. मालक, मुद्रक, प्रकाशक, संपादक, छापलं कुठे, सगळं त्यात. 'पीआरबी कायद्यानुसार बातम्यांच्या निवडीची जबाबदारी' असंही तिथे असायचं, तो प्रेस अँड रजिस्ट्रेशन ऑफ बुक्स कायदा १८६७ चा, इंग्रजांनी केलेला, कोण काय छापतंय यावर नजर ठेवायला. त्याच्या जागी २०२३ चा नवा कायदा आला आणि तो १ मार्च २०२४ पासून लागू झाला.

तक्रार आधी त्या ओळीतल्या संपादकाकडे लेखी करायची, समाधान झालं नाही तर प्रेस कौन्सिलकडे, दैनिक किंवा साप्ताहिक असेल तर छापून आल्यापासून दोन महिन्यांच्या आत, बाकीच्यांसाठी चार महिने. कौन्सिल दंड करू शकत नाही, समज देतं किंवा ठपका ठेवतं. सोबत कात्रण जोडावं लागतं, आणि मजकूर मराठीत असेल तर त्याचं इंग्रजी भाषांतरही.